डिस्चार्जवर सही व्हायच्या आत

आमच्या खात्याला रुग्ण दिसत नाही. आम्हाला रक्ताच्या बाटल्या दिसतात, थुंकीच्या डब्या दिसतात, पू भरलेल्या सिरिंजा दिसतात आणि प्रत्येकाबरोबर आलेला फॉर्म दिसतो. त्या फॉर्मवर 'क्लिनिकल हिस्ट्री' नावाची ओळ असते. ती कोरी सोडायची असा अलिखित नियम असावा. कोणी फारच मनावर घेतलं तर 'ताप' एवढं लिहून पाठवतं. ताप नसलेल्या माणसाच्या रक्तात जंतू शोधायला, म्हणजे ब्लड कल्चर करायला, कोण बसलंय, पण असो.

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. परळ-लालबागच्या पट्ट्यातलं रुग्णालय, एवढं सांगितलं तरी पुरे. गोष्ट ऑगस्ट संपता संपताच्या एका शुक्रवारची. गणपती आठवड्यावर आले होते.

ऑगस्ट म्हणजे आमचा सीझन. मलेरिया, डेंगी, लेप्टो, टायफॉईड, कावीळ, गॅस्ट्रो, सगळे एकाच दारातून आत येतात आणि सगळ्यांची सुरुवात "ताप हटत नाही" इथूनच होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर लेप्टोने जो हाहाकार माजवला, त्यातून इथल्या डॉक्टरांच्या तोंडी एक प्रश्न कायमचा बसला: "साचलेल्या पाण्यातून चाललात का?" आता तो केसपेपर काढणारा क्लार्कसुद्धा विचारतो. चांगलंच आहे. फक्त त्यामुळे झालंय असं की, पाणी म्हटलं की लेप्टो, आणि लेप्टोची टेस्ट निगेटिव्ह आली की पाण्याचा विषयच संपला.

त्या दिवशी आमच्याकडे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली पोस्टिंगला होत्या. पहिल्या वर्षाला शिकवायला मला आवडतं, कारण त्यांना अजून लाज न वाटता प्रश्न विचारता येतात. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली: जंतू म्हटलं की नाक मुरडू नका. आपल्या अंगात जेवढ्या पेशी आहेत, जवळपास तेवढेच जिवाणू आपल्या आतड्यात, तोंडात, कातडीवर मुक्कामाला असतात. बहुतेकांचं आपल्याशी काही भांडण नाही. रोग करायचा तर जंतूला आत शिरायला वाट लागते, चिकटून राहायला जागा लागते आणि आपल्या पांढऱ्या पेशींच्या तावडीतून निसटायची काहीतरी युक्ती लागते. यातलं एक जरी जमलं नाही तरी तो आला तसा जातो.

पुढचा भाग मुलींना जास्त रंजक वाटतो, की जंतू नेमकं बिघडवतो काय. कॉलराचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरतसुद्धा नाही. बाहेरच चिकटून बसतो, विष सोडतो, आणि त्या विषाने पेशी अंगातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओतत सुटतात. माणूस जातो तो पाणी संपल्यामुळे. धनुर्वाताचा जंतू जखमेतून हलत नाही, त्याचं विष तेवढं नसांतून वर चढतं. टीबीच्या जंतूकडे तर असं विषच नाही. फुप्फुसाला पडलेली भोकं ही बरीचशी आपल्याच पेशींनी त्याच्याशी केलेल्या लढाईची असतात.

मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारलं, "पण मॅडम, आपण मेलो तर जंतूचा फायदा काय?"

प्रश्न पुस्तकातला नव्हता, म्हणून जास्त बरा वाटला. म्हटलं, ज्यांना माणसातूनच माणसात जायचंय, त्यांना आपण फार लवकर मेलेलं परवडत नाही. पण कित्येक जंतूंचं घर माणूस नाहीच. ते मातीत राहतात, पाण्यात राहतात. आपण त्यांच्या वाटेत येतो. आपण जगलो काय, मेलो काय, त्यांच्या खिजगणतीतही नाही.

हे बोलून होतंय तोवर मामांनी हाक मारली. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टेक्निशियन. आदल्या दिवशी दुपारपाळी करून सकाळी पुन्हा हजर. त्यांच्या हाताखाली तीन खातेप्रमुख घडून निवृत्त झाल्या, असं ते स्वतःच सांगतात. "मॅडम, ती मेडिसिन वॉर्डाची ब्लड कल्चरची बाटली बघून घ्या जरा. मला काय ती नीट वाटत नाही."

बाटली आदल्या दिवशी दुपारी वाजली होती. ब्लड कल्चरची बाटली यंत्रात उबेला ठेवतात. आत जंतू वाढले की त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, बुडाच्या सेन्सरचा रंग बदलतो आणि यंत्र ओरडतं. मग त्यातला एक थेंब काचेवर घ्यायचा आणि ग्रामचा रंग करायचा. ही पद्धत १८८४ ची आहे. हान्स ख्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने ती काढली, आणि इतक्या वर्षांत तिला हरवणारं स्वस्त काही निघालेलं नाही. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं, शेवटी लाल रंग. धुतल्यावरही जांभळे राहिले ते पॉझिटिव्ह. रंग सोडून लाल झाले ते निगेटिव्ह. निगेटिव्हांच्या भिंतीला बाहेरून आणखी एक पडदा असतो, तो कित्येक औषधांना आत येऊ देत नाही आणि त्याच पडद्यातल्या एका घटकाने माणसाला हुडहुडी भरते.

मामांनी आदल्या दिवशीच वॉर्डात फोन करून 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय', म्हणजे लाल काड्यांसारखे जंतू, असं कळवलं होतं. रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं होतं. पण त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'से. पिन?'

मी स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. लाल, बारीक काड्या. दोन्ही टोकं गडद, मध्ये फिकट. बंद केलेल्या सेफ्टी पिनेसारख्या. मुलींना एकेक करून दाखवलं. तिसरीने डोळा वर काढला आणि म्हणाली, "मॅडम, हे तर प्लेगचं चित्र आहे!"

बाकीच्या दोन पावलं मागे सरकल्या.

तिचं चुकलं नव्हतं. पुस्तकात सेफ्टी पिनेचं चित्र प्लेगच्याच धड्यात असतं. शिवाय ज्या गल्ल्यांतून या मुली रोज बसने येतात तिथे प्लेग ही ऐकीव गोष्ट नाही. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत पहिला रुग्ण ओळखला. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून जाताना मी मुलींना हे नेहमी सांगते, तेव्हा त्या मोबाइल बघत असतात. आज एकदम सगळ्यांना आठवलं.

"थांबा, दहा सेकंदांत कळेल," मी म्हटलं.

मामांनी बाटलीतून प्लेटाही लावून ठेवल्या होत्या. प्लेट म्हणजे काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बशीत गोठवलेलं आगर. आगर म्हणजे आपण फालुद्यात घालतो ते चायना ग्रास. बर्लिनला रॉबर्ट कोखच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवायचे आणि उन्हाळ्यात जिलेटिन वितळून जायचं. तिथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसेच्या बायकोने, फॅनी हेसेने, आपल्या स्वयंपाकघरातलं आगर सुचवलं. त्यावर आजही जगभरच्या प्रयोगशाळा उभ्या आहेत. बाईंच्या नावाने मात्र काहीच नाही. बशीला तिथल्याच पेट्री नावाच्या माणसाचं नाव आहे.

मेंढीचं रक्त घातलेल्या आगरावर टाचणीच्या डोक्याएवढ्या, दुधाळ कॉलन्या, म्हणजे जंतूंचे पुंजके, आल्या होत्या. एक मुलगी प्लेटेवर नाक नेऊन वाकली. कोणीतरी सीनियरने सांगितलं असणार, स्यूडोमोनास नावाच्या जंतूला द्राक्षांचा वास येतो म्हणून. मामांनी तळहात मध्ये घातला. "आमच्याकडे वास घ्यायचा नाही. कशाचाच." मग झाकणासकट प्लेट उचलून बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये नेली. या कॅबिनेटमध्ये हवा आत ओढून गाळली जाते. आतलं तुमच्या नाकात येत नाही.

लाकडी काडीने कॉलनीचा कण ऑक्सिडेजच्या कागदावर घासला. ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असलेला जंतू हा कागद जांभळा करतो. क्षणात गर्द जांभळा. प्लेगचा जंतू ऑक्सिडेज निगेटिव्ह असतो, तो कागदाचा रंग बदलत नाही. मुलींनी श्वास सोडला. माझा मात्र तिथे अडकला. कारण टायफॉईडचा जंतूही ऑक्सिडेज निगेटिव्हच असतो, आणि फॉर्मवर वॉर्डाने चक्क दोन शब्द लिहिले होते: 'ताप, ?टायफॉईड'.

प्लेग नाही, टायफॉईड नाही. अशा वेळी बऱ्याच ठिकाणी 'स्यूडोमोनास स्पीशीज', म्हणजे स्यूडोमोनासची कुठलीतरी जात, असं लिहून रिपोर्ट जातो. हे लिहिणाऱ्याला मी फार दोष देणार नाही. दिवसाला शेकड्याने नमुने असतात, माणसं अपुरी असतात, आणि ते उत्तर बहुतेक वेळा खपूनही जातं. पण 'स्पीशीज' या शब्दाआड जे दडून जातं त्यातलं थोडंफार जीवघेणं असतं. म्हणून मामांची एक सवय मला मोलाची वाटते. बाटली संशयास्पद वाटली की ते तिच्यातूनच थेट औषधांच्या डिस्क लावून ठेवतात. कागदाच्या या टिकल्यांत वेगवेगळी अँटिबायोटिक्स असतात. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ पडतं.

कोलिस्टिनच्या टिकलीला जंतू अगदी खेटून वाढला होता. जेंटामायसिनच्याही. को-अमॉक्सिक्लॅव्हभोवती मात्र मोठं, स्वच्छ वर्तुळ.

ज्याला ही भाषा वाचता येते त्याच्या मानेवरचे केस उभे राहावेत असं ते चित्र होतं. नेहमीचा स्यूडोमोनास नेमका याच्या उलट वागतो. कोलिस्टिनला मरतो, को-अमॉक्सिक्लॅव्हला दाद देत नाही. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतलं शेवटच्या फळीचं औषध. ते पचवणारा जंतू को-अमॉक्सिक्लॅव्हसारख्या गल्लीतल्या दवाखान्यात मिळणाऱ्या औषधाला बळी पडतो, ही जोडी फार थोड्यांत सापडते.

मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मामा, मेलिऑइडोसिस?"

"मी काय डॉक्टर आहे होय," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की त्यांनी ते कालच ठरवलं होतं.

मेलिऑइडोसिस हा रोग, तो करणारा जंतू बर्कोल्डेरिया स्यूडोमालिआय. मातीतला जंतू. १९११ साली रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर या पॅथॉलॉजिस्टने आणि त्याचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी यांनी शवविच्छेदनांत पहिल्यांदा पाहिला. तेव्हा ब्रह्मदेश आपल्याच सरकारच्या नकाशात होता. गरम, दमट मुलखात, विशेषतः भातखाचरांच्या चिखलात हा खुशाल राहतो. पाऊस लागला की वर येतो. पायाच्या भेगेतून, जखमेतून, कधी वाऱ्यापावसात श्वासावाटे, कधी पाण्यातून माणसात शिरतो. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. मधुमेह असलेल्याला होतं. साखर वाढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि हा जंतू नेमका त्यांच्यातच घर करतो. पांढरी पेशी त्याला गिळते, एका पिशवीत कोंडते. हा पिशवी फोडून बाहेर पडतो, पेशीच्याच आतल्या प्रथिनांचा धागा शेपटीसारखा मागे ओढत पळतो आणि शेजारच्या पेशीत घुसतो. रक्तात न उतरता पेशीतून पेशीत. त्यामुळे कधी फुप्फुस, कधी यकृत, कधी प्लीहा, कधी सांधा, कुठेही गळवं. टीबी वाटावा, टायफॉईड वाटावा, कॅन्सरही वाटावा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत असलेल्या एका सैनिकाच्या अंगात तो बासष्ट वर्षांनी उपटला, अशीही नोंद आहे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० जणांना हा रोग होतो आणि ८९,००० दगावतात. त्यातले बरेचसे दक्षिण आशियात. तरी आपल्याकडे दहा डॉक्टरांना विचारा, निम्मे हे नाव परीक्षेनंतर उच्चारलेलं नाही म्हणतील.

मी वॉर्डात फोन लावला. रेसिडेंट मुलगा चटपटीत होता. "मॅडम, तो पेशंट ना, त्याचा आज डिस्चार्ज आहे. सेफ्ट्रायॅक्झोनवर ताप उतरलाय. नातेवाईक पण मागे लागलेत, गणपतीला गावाला जायचंय त्यांना. ती बाटली कंटॅमिनेशन नसेल का?"

हा प्रश्न रास्त असतो. सुई टोचताना कातडीवरचे जंतू बाटलीत जातात, रोजच जातात. पण कातडीवर राहणारे ते जंतू ग्रॅम पॉझिटिव्ह. हा त्यांतला नव्हता. म्हटलं, "सरांना सही करू देऊ नकोस, मी वर येते." आमच्या खात्याची माणसं वॉर्डात उगवली की तिथल्या सिस्टर आधी घाबरतात, त्यांना वाटतं इन्फेक्शन कंट्रोलची तपासणी आली. दोन मुली माझ्याबरोबर निघाल्या, मी नको म्हटलं नाही.

खाटेवर पन्नाशी उलटलेला माणूस बसला होता. घरचा शर्ट घालून, पिशवी भरून तयार. हाताला सलाईनची सुई तेवढी बाकी. शेजारी त्यांची बायको. राहायला भांडुपच्या चाळीत, गाव संगमेश्वर तालुक्यात. कागद चाळले. साखर बेसुमार. गेल्या महिनाभरापासून ताप, खोकला, वजन सात किलोने कमी. छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला वर डाग. बाहेरच्या एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली होती. थुंकीत जंतू सापडला नव्हता, जीन एक्स्पर्ट ही टीबीची जनुकीय तपासणीही निगेटिव्ह, तरी औषधं चालू. पुन्हा सांगते, मी त्या डॉक्टरांना नावं ठेवणार नाही. मुंबईत मधुमेह, वजन घटलेलं आणि फुप्फुसात वर डाग असेल, तर टीबी सोडून दुसरं काही आधी मनात आणणारा डॉक्टर मी बघितलेला नाही.

"काका, जूनपासून मुंबईतच होतात?"

"न्हाय, लावणीला गेलेलो. दरसाल जातो. जुलैच्या पयल्या हप्त्यात."

काकूंनी लगेच तोंड उघडलं. "साखर आहे, पायाला चिखल्या झाल्यात, नका जाऊ म्हटलं. ऐकतील तर ना. शेत पडीक ठेवायचं नाही म्हणे. दहा दिवस उघड्या पायांनी खाचरात. आले ते टाचेला हे एवढं चिरलेलं घेऊनच."

टाच आता भरून आली होती. पांढुरकी रेघ उरली होती. लावणी जुलैच्या सुरुवातीला, ताप जुलैअखेरीस. हा जंतू शिरल्यापासून ताप यायला साधारण एक ते एकवीस दिवस लागतात. हिशेब बसत होता.

हे सगळं कुणापासून लपवलेलं नव्हतं. विचारलंच नव्हतं. 'पाण्यातून चाललात का' विचारलं होतं, त्यांनी 'नाही' सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. ते पाण्यातून चाललेच नव्हते, चिखलात उभे राहिले होते.

मेडिसिनचे सर आले. माणूस अनुभवी, पण घाईत. "कोकणात मेलिऑइडोसिस? आपल्याकडे असतो का हा?"

"सर, भारतातला पहिला नोंदवलेला पेशंट १९९१ चा. मुंबईतलंच मूल होतं."

ते गप्प झाले. मग रेसिडेंटला म्हणाले, "पोटाची सोनोग्राफी झालीय?" झाली नव्हती. पोट दुखतच नव्हतं, तर कोण करतो. दुपारी अडीचला सोनोग्राफी झाली. प्लीहेत पाच-सहा बारीक गळवं, यकृतात एक. डिस्चार्जचा कागद सरांनी स्वतः फाडला आणि सेफ्ट्रायॅक्झोन थांबवून मेरोपेनेम लिहिलं. सेफ्ट्रायॅक्झोनने ताप जरासा दबतो, आणि तीच त्यातली ग्यानबाची मेख. या जंतूवर ते भरवशाचं नाही. गोळ्या देऊन गावाला पाठवलं असतं तर गणपतीच्या आरतीला बसलेला हा माणूस कुठल्या अवस्थेत तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचला असता, त्याची कल्पना सरांना माझ्याहून जास्त असावी. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव निकामी व्हायला लागणं, होऊन आलेल्यांतले पुष्कळ जण आयसीयू असूनही वाचत नाहीत.

टीबीची औषधं बंद करा म्हटल्यावर काकू रडायलाच लागल्या. मला वाटलं नवीन आजाराच्या भीतीने. तसं नव्हतं. महिनाभर चाळीत यांचा पेला वेगळा, ताट वेगळं, नातवाला जवळ घेऊ देत नव्हते. "म्हणजे हे कोणाला लागत नाही?" त्यांनी तीन वेळा विचारलं. माणसापासून माणसाला हा रोग होणं इतकं विरळ आहे की नाही म्हटलं तरी चालेल. मी तिन्ही वेळा सांगितलं.

पण गणपती होताच. घरचा गणपती, वडिलोपार्जित. बसचं बुकिंग दोन महिने आधीचं. काका म्हणाले, "पाच दिसांनी येतो, मग लावा ती इंजेक्शनं." आत गळवं आहेत म्हटल्यावर किमान चार आठवडे शिरेतून औषध, त्यानंतर तीन महिने तरी को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या, हे समजावताना सरांचा सगळा अनुभव पणाला लागला. अर्धवट सोडलं तर हा रोग उलटतो. शेवटी काकूंनीच विषय संपवला. "भावोजी बसवतील मूर्ती. तुम्ही गप पडा."

खाली आले तर पाच वाजले होते आणि जंतू ओळखणाऱ्या यंत्राचा निकाल आला होता. सकाळी कॉलनी ओळखायला घातली होती. पडद्यावर: बर्कोल्डेरिया सेपेशिया. पंचाण्णव टक्के खात्री.

यंत्राला खात्री कशाची असते, हे मुलींना समजवायला तेव्हा वेळ नव्हता. थोडक्यात, त्याच्या यादीत जे भरलेलं आहे त्यातलं सर्वांत जवळचं नाव ते सांगतं. सेपेशिया हा याचा भाऊबंद, आणि अशी गफलत जगभर माहीत आहे. पण सेपेशियाला को-अमॉक्सिक्लॅव्हभोवती एवढं वर्तुळ सहसा पडत नाही, आणि सेपेशिया संगमेश्वरच्या खाचरात उभं राहून येत नाही. सेपेशिया म्हटलं असतं तर तो रुग्णालयातूनच आला असं समजून आम्ही इथली सलाईनं, जंतुनाशकाच्या बाटल्या तपासत बसलो असतो. मी यंत्राचा निकाल रोखला आणि तात्पुरता रिपोर्ट हाताने लिहिला.

मग राहिलेलं काम. प्लेटांना टेप, 'उघडू नये' अशी चिठ्ठी, बाटली कोणी कोणी हाताळली त्यांची यादी. प्रयोगशाळेत हा जंतू हवेत उडाला तर धोका असतो, म्हणून उघड्या टेबलावर प्लेट हलवलेल्या माणसाला को-ट्रायमोक्साझोल तीन आठवडे द्यावं लागतं. यादी छोटी निघाली. मामांनी सगळं कॅबिनेटमध्येच केलं होतं, आणि आमच्या मुलीच्या नाकाआधी त्यांचा तळहात पोहोचला होता. तिला मी तरी तीन आठवडे रोज ताप बघायला सांगितलं. तिने तो बहुधा तासातासाला बघितला.

मणिपाल आणि वेल्लोरला या जंतूवर वर्षानुवर्षं काम झालंय. नमुना नियमाप्रमाणे तिहेरी डब्यात बंद करून एका मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेत गेला. सोमवारपर्यंत आमच्या प्लेटेवरच्या कॉलन्या सुकून सुरकुतल्या होत्या, धातूची चमक आली होती. संदर्भ प्रयोगशाळेचं पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएची तपासणी, नंतर आलं. तेच.

काकांचा ताप मेरोपेनेम सुरू होऊनही नऊ-दहा दिवस उतरेना. या रोगात असंच होतं, पण रेसिडेंट रोज फोन करून "मॅडम, नक्की ना?" विचारायचा. मीही प्रत्येक वेळी ठामपणे 'हो' म्हणायचे आणि फोन ठेवून पुन्हा प्लेट बघायचे. विसर्जनाच्या आसपास ताप गेला.

गोळ्यांच्या काळात ते दर महिन्याला ओपीडीत यायचे. आमच्या खात्याचं दार शोधत खालीही यायचे, मामांना भेटायला. मामा राजापूरचे निघाले. शेवटच्या खेपेला जानेवारीत आले तेव्हा साखर आटोक्यात होती, वजन परत आलं होतं. मी म्हटलं, काका, यंदा लावणीला जायचं झालंच तर गमबूट घालून, हातात मोजे, आणि पायाला जरासं जरी चिरलेलं असेल तर खाचरात उतरायचं नाही.

ते मामांकडे बघून हसले. "म्याडमनी लावणी केलेली दिसत न्हाय कधी. गमबूट चिखलात रुततो, पाय तेवढा वर येतो."

मामांनी मान डोलावली. मी विचारलं, मग काय करता येईल? दोघं बराच वेळ बोलत बसले. गुडघ्यापर्यंत वर दोरीने बांधायचा रबरी बूट कोणीतरी चिपळूणच्या बाजारात पाहिला होता. मजूर लावले तर माणशी रोज किती पडतो याचाही हिशेब झाला. तो परवडेना. शेवटी पुतण्याला मुंबईहून बोलवायचं आणि काकांनी बांधावर बसून नुसतं ओरडायचं, यावर दोघांचं एकमत झालं. काकू म्हणाल्या, "बांधावर बसतील हे? बघालच तुम्ही."